मदत हवी आहे : बघ्याला ताब्यात घेतल्याची नोंद कशी मिळवावी?

गेल्या महिन्यात बसथांब्यावर उभ्या असलेल्या माझ्या भाच्याला पोलिसांनी मोर्चातील जमावासोबत गाडीत बसवून नेले आणि कारण न सांगता, घरी न कळवता, रात्री उशिरा सोडले. ही अटक नव्हतीच, असे आता तोंडी सांगितले जाते. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील हक्क, म्हणजे कारण कळणे, वकिलाचा सल्ला आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर होणे, अशा वेळी गैरलागू ठरतात का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७२ नुसार पोलिसांचा आदेश न मानणाऱ्याला ताब्यात घेता येते. परंतु भाच्याला आदेशच दिलेला नव्हता. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील (स्टेशन डायरी) नोंद माहिती अधिकारात मागावी, की थेट राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जावे? ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.