विहिरीतला रोबोट: अंधारात गेला की तिन्ही कॅमेरे बंद पडतात

रिवाइंडिंगवाला, जुन्नर

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्याकडे दोर कुजून किंवा कडी तुटून सबमर्सिबल विहिरीत पडली, की गळ टाकून तासन्‌तास चाचपत बसायचं, नाहीतर पट्टीच्या पोहणाऱ्याला बुडी मारायला लावायची. दोन वर्षांपूर्वी माझ्याच गिऱ्हाइकाच्या विहिरीत बुडी मारलेल्या पोराचा पाय खालच्या जुन्या केबलीत अडकला. पोरगा वर आला, पण तोवरचा वेळ कसा गेला ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हाच ठरवलं, माणूस खाली न उतरता मोटर दिसली पाहिजे आणि गळ बघून कडीत घालता आला पाहिजे.

रोबोट बनवलाय. एक इंची यूपीव्हीसी पाइपची चौकट आणि बोटीतलं पाणी उपसायच्या पंपांच्या १२ व्होल्टच्या तीन मोटरी. चार इंची पाइपच्या डब्यात सगळ्या जोडण्या आणि मोटरींचे रिले (विजेने चालणारे खटके). कॅमेरे तीन: एक समोर, एक तळाकडे, एक गळावर रोखलेला. तिन्ही साधे सीसीटीव्ही बुलेट, जुन्या टीव्हीला चालेल असं चित्र देणाऱ्या एव्ही मोडवर टाकलेले. वर सात इंची स्क्रीन आहे, तिला चित्राची पिवळी पिन एकच.

वायरिंग असं आहे. ३० मीटर कॅट ५ ई (नेटवर्कची, आठ तारांची) केबल. तिच्या चार जोड्यांपैकी तीन चित्रांना, चौथीवर तिन्ही कॅमेऱ्यांचा १२ व्होल्ट सप्लाय. मोटरींना ४ स्क्वेअर मिलिमीटरची दोन कोअर वेगळी, रिलेंना बारीक मल्टिकोअर. बॅटरी एकच, आणि डब्यात सगळ्यांचे मायनस एकत्र केलेत.

दुकानात टेबलावर चित्र स्वच्छ. अंगणातल्या टाकीत दुपारी स्वच्छ. विहिरीत पंधरा फूट खाली गेलं की स्क्रीन निळी, दोन सेकंद चित्र, परत निळी. वर आणला की आपोआप चालू. शिवाय मोटर दाबली की चित्रावर आडवे पट्टे फिरतात. तिन्ही चित्रं एकाच जोडीवर आणावीत म्हणून पिवळ्या तारा एकत्र बांधून हव्या त्याच कॅमेऱ्याला सप्लाय देऊन पाहिला, तर चित्र फिकं पडलं. पाणी आत गेलेलं नाही, डबा उघडून खात्री केली आहे. कुठे चुकतंय?

जुना टीव्ही मेकॅनिक, सांगली

पाणी नाही, खोलीही नाही. अंधार आहे. बुलेट कॅमेऱ्याला अंधार झाला की आतले रात्री बघण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) एलईडी पेटतात आणि करंट एकदम वाढतो. दिवसा १०० मिलीअँपच्या आसपास घेणारा कॅमेरा तेव्हा ३०० पर्यंत जातो. तुमचे तीन, म्हणजे पाऊण-एक अँपिअर, आणि तो सगळा एका बारीक जोडीतून.

कॅट ५ ई ची तार २४ अमेरिकन गेज, जाडी अर्धा मिलिमीटर. तुमच्या रिवाइंडिंगच्या भाषेत २५ गेज. शुद्ध तांब्याची असेल तर ३० मीटर जाऊन-येऊन ५ ओहम धरा. म्हणजे चार-साडेचार व्होल्ट वाटेतच गेले. कॅमेरा बंद पडतो, करंट थांबतो, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो. तुमची निळी स्क्रीन ती हीच.

एक करा. केबलच्या एका टोकाला जोडी शॉर्ट करा, दुसऱ्या टोकाला मीटर लावा आणि आकडा इथे लिहा. ब्लेडने तारही खरवडून बघा.

रिवाइंडिंगवाला, जुन्नर

काका, ८ ओहम. आणि खरवडल्यावर आतून पांढरी! दुकानदाराने तांब्याची म्हणून दिली होती. रोज वाइंडिंगचे ओहम मोजणारा माणूस मी, केबल मोजायला हवी होती. दुकानात हात धरून लेन्स झाकली, लाल ठिपके पेटले आणि लगेच स्क्रीन निळी. अगदी तसंच.

जुना टीव्ही मेकॅनिक, सांगली

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे ती. पाण्याजवळच्या कामाला घेऊच नका, ओल लागली की जोडाशी पांढरी भुकटी होते. केबल बदला.

मग पहिलं काम, तिन्ही कॅमेऱ्यांतला आयआर पट्टीचा कनेक्टर काढा. पाण्यात त्या प्रकाशाचा उपयोग नाही. आयआर पाणी लवकर गिळतं आणि उरलेला काचेवरून उलटा लेन्समध्ये येतो. पांढरे एलईडी लावा, पण लेन्सपासून वीतभर तरी लांब आणि तिरके. दिवा लेन्सला चिकटून असला की धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यासारखं होतं, गाळाचा कण न्‌ कण चमकतो.

आता पट्टे. मोटरींचा करंट मायनसमधून परत येतो. ४ स्क्वेअरची एक तार ३० मीटरला साधारण ०.१४ ओहम. दोन मोटरी मिळून ६ अँपिअर घेत असतील तर खालचा मायनस वरच्या मायनसपेक्षा पाऊण व्होल्ट वर उचलला जातो. आणि चित्राचा सिग्नल मुळात किती? पिवळ्या पिनवर फक्त १ व्होल्ट! स्क्रीनला चित्र आणि मोटर वेगळं कसं कळणार? डब्यातला मायनसचा जोड तोडा. कॅमेऱ्यांना स्वतंत्र बॅटरी द्या आणि स्क्रीनही त्याच बॅटरीवर घ्या. स्क्रीन मोटरच्या बॅटरीवर राहिली तर वरून पुन्हा तोच जोड होईल, हे विसरू नका. मोटरच्या दोन टोकांत १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाका, ब्रशच्या ठिणग्यांचे ठिपके कमी होतील.

चित्र फिकं का पडलं तेही सांगतो. प्रत्येक कॅमेऱ्याच्या आउटपुटमध्ये ७५ ओहम असतात, सप्लाय बंद असला तरी. स्क्रीनचे ७५, दोन झोपलेल्या कॅमेऱ्यांचे ७५-७५, सगळे समांतर. २५ ओहमचा बोजा झाला आणि १ व्होल्टचा अर्धा राहिला. म्हणून सप्लाय बंद-चालू करून कॅमेरा बदलायचा नाही. तिन्ही कायम चालू ठेवा आणि चित्राची तार रिलेने बदला.

दोन छोटे १२ व्होल्ट रिले पुरतात. पहिल्याच्या एनसीला (रिले बंद असताना जोडलेली पिन) समोरचा कॅमेरा, एनओला (रिले चालू झाला की जोडली जाणारी पिन) तळाचा. त्याचा कॉमन (दोन्हींची सामाईक पिन) दुसऱ्याच्या एनसीला. दुसऱ्याच्या एनओला गळाचा कॅमेरा, आणि त्याचा कॉमन वर स्क्रीनकडे. दोन्ही कॉइलींना एकच जोडी द्या, पण पहिल्या कॉइलच्या मालिकेत १एन४००७ डायोड सुलटा आणि दुसऱ्याच्या उलटा. वर मध्ये-बंद असा सहा पिनांचा टॉगल लावा, पोलॅरिटी उलटवणारा. खटका वर केला की तळ, खाली केला की गळ, मध्ये सोडला की समोरचं. ती तार तुटली तरी समोरचं चित्र जात नाही, म्हणून मला ही पद्धत आयसीपेक्षा आवडते. कॉइलवर आडवा डायोड टाकायचाच. कॅमेरा बदलताना क्षणभर चित्र उडी मारेल. तिन्ही कॅमेरे आपापल्या तालावर चालतात, ते स्वाभाविक आहे. तिन्ही पाल या एकाच टीव्ही पद्धतीवर आहेत ना, तेवढं बघून घ्या.

अशाने एक जोडी चित्राला, एक रिलेला, उरलेल्या दोन समांतर करून सप्लायला. नव्या केबलीत अडीच ओहम. वरून २४ व्होल्ट सोडून डब्यात बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट) १२ केलेत तर वाटेतली व्होल्टेजची घट नावापुरती राहील. चित्राच्या जोडीला दोन्ही टोकांना बलून (चित्राची पिन तारांच्या जोडीशी जुळवणारा छोटा जोड) लावा, कडा स्वच्छ येतात.

डिप्लोमाचे मास्तर, नाशिक

काकांचं सगळं बरोबर. फक्त पुढचा विचार म्हणून: आयपी (नेटवर्कवर चित्र पाठवणारे) कॅमेरे आणि डब्यात छोटा नेटवर्क स्विच टाकलात तर दोनच जोड्यांवर तिन्ही चित्रं एकदम दिसतील, रेकॉर्डही होतील. मात्र चित्र थोडं उशिरा येतं. गळ कडीत घालताना तो उशीर हाताला जाणवेल.

रिवाइंडिंगवाला, जुन्नर

मास्तर, आयपी न घेण्याचं तेच कारण, आणि दुसरं म्हणजे विहिरीच्या काठावर बिघडलं तर मला मीटर आणि सोल्डरिंग गन घेऊन दुरुस्त करता आलं पाहिजे. रिले मला कळतो.

मालवण किनारा

मी जेटीवर होड्यांच्या पंख्यात अडकलेली जाळी बघायला असाच कॅमेरा वापरतो. वायरिंगबद्दल काही म्हणणं नाही, केबलच्या तोंडाबद्दल आहे. ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथली आवळायची चकती) बाहेरून कितीही आवळलीत तरी केबलच्या सालीला कुठे चीर गेली की पाणी सालीच्या आतून, तारांच्या मधून, पार डब्यात पोचतं. माझा एक डबा असाच गेला, बाहेरून थेंब नव्हता. आत येते तिथे दोन इंच साल काढा, आठही तारा सुट्या करा, मध्ये तीनेक मिलिमीटर इन्शुलेशन खरवडून तांबं उघडं करा, तारा एकमेकींना लागणार नाहीत अशा पसरवा आणि त्यावर इपॉक्सी ओता. मग पाण्याला वाट उरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तारांजवळ वापरू नका, तांबं हिरवं पडतं.

आणि दादा, मेन्सवरचा ॲडॅप्टर काठावर आणूच नका. बॅटरीच ठेवा.

रिवाइंडिंगवाला, जुन्नर

बॅटरीच आहे, दादा. विहिरीतल्या शॉकचं मला कोणी सांगायला नको, तो बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

तीन आठवड्यांनी लिहितोय. केबल तांब्याची घेतली, दुकानातच ओहम मोजून. मायनस तोडला, दोन रिले बसवले, वरून २४ व्होल्ट. बक कन्व्हर्टरची बारीक जाळी चित्रात येत होती, आउटपुटला फेराइटच्या रिंगवर दहा वेढे आणि एक कपॅसिटर टाकल्यावर गेली. पट्टे गेले.

काल पहिलं खरं काम केलं. ५५ फुटी विहीर, ३५ फूट पाणी. मोटर तळाशी आडवी, अर्धी गाळात. पहिल्या खेपेला खाली जाताना वर-खालीच्या मोटरीने गाळ उडवला आणि वीस मिनिटं काही दिसलं नाही. दुसऱ्या खेपेला रोबोट थोडा जड केला, मोटर न चालवता हळू सोडला. समोरच्या कॅमेऱ्याने मोटर शोधली, खटका खाली केला, गळाचं चित्र आलं आणि चौथ्या प्रयत्नात कडी धरली. पाच जणांनी ओढून काढली. पाण्यात कोणी उतरलं नाही. काका, तुम्हाला फोटो पाठवावासा वाटतोय.

एक राहिलंय. अर्ध्या तासाने तळाच्या कॅमेऱ्याच्या काचेवर आतून दव येतं.

मालवण किनारा

डबा सकाळी बंद करत असाल. आतली हवा दमट असली की गार पाण्यात तिचं दव होणारच. दुपारी कडक उन्हात अर्धा तास उघडा ठेवा, सिलिका जेलच्या भाजून घेतलेल्या पुड्या टाका आणि तिथेच झाकण लावा.