गर्भनिरोधक पॅच चालू आहे आणि घरात टीबीच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, चालेल का?

यावलची_सून
नमस्कार सगळ्यांना. मी इंग्लंडहून यावलला सासरी आलीये, दिराचं लग्न आहे आणि मधेच सासऱ्यांना टीबी निघाला म्हणून मुक्काम वाढला. मी तिकडचाच गर्भनिरोधक पॅच वापरते, आठवड्याला एक असे तीन आणि चौथा आठवडा मोकळा, स्टॉक सोबत आणलाय कारण इकडे मेडिकलवर विचारलं तर कुणाकडेच नव्हता. मला सर्दीला सेट्रिझीन, डोकं दुखलं की क्रोसिन, ॲसिडिटीची गोळी आणि आता दाढेसाठी ॲमॉक्सिसिलिन असं काही ना काही चालूच असतं, शिवाय आशाताईंनी घरातल्या सगळ्यांना टीबी होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्यात. याने पॅचचा असर कमी होतो का? आणि दुसरं म्हणजे हे ऊन, 44-45 च्या खाली येतच नाही, पॅचच्या कडा सुटायला लागल्यात. मिस्टर लग्नासाठी येताहेत, आत्ता दिवस राहिले तर फार अवघड होईल. प्लीज माहिती असणाऱ्यांनीच सांगा.

मेडिकलवाला_भुसावळ
ताई, माझं मेडिकल आहे, बी फार्म केलंय. क्रोसिन, सेट्रिझीन, ॲसिडिटीची गोळी यांचं काही टेन्शन नाही. ॲमॉक्सिसिलिन पण चालतं, अँटिबायोटिक घेतलं की गर्भनिरोधक फेल जातं असं लोक सरसकट बोलतात पण साध्या अँटिबायोटिकने तसं होत नाही. आणि पॅचचं औषध कातडीतून जातं त्यामुळे उलटी जुलाब झाले तरी फरक पडत नाही, गोळीचं तसं नसतं.

अडचण आहे ती टीबीचं औषध रिफाम्पिसिन आणि त्याच्या जातीच्या औषधांची. ती लिव्हरला एवढी कामाला लावतात की पॅचमधले हार्मोन नेहमीपेक्षा लवकर संपून जातात. फिट्सच्या काही गोळ्या पण तसंच करतात, एप्टॉइन, टेग्रेटॉल, फेनोबार्ब, आणि गजकर्णासाठी ग्रिसिओफल्विन देतात त्याच्यावरही लक्ष ठेवा. फिट्ससाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बायकांचं उलटं असतं, पॅचमुळे त्या गोळीचाच असर कमी होऊन फिट येऊ शकते, हे डॉक्टरला सांगितलंच पाहिजे.

तर तुम्ही आधी त्या आठवड्याच्या गोळीचं पाकीट बघा. नुसती आयसोनियाझिड असेल तर पॅचला धोका नाही, पण ती बहुतेक रोज घ्यायची असते म्हणून मला शंका येतेय. गोळी घेतल्यावर लघवी लालसर केशरी झाली होती का, रिफाम्पिसिनच्या जातीच्या औषधाने तशी होते?

धुळेकरीण
घाबरू नको वं बहिणी. मी जर्मनीत असताना हाच पॅच वापरायचे, सुट्टीत धुळ्याला यायचे तेव्हा उन्हाळाच असायचा. घामाने, आंघोळीने सहसा निघत नाही गं, निघतो तो तेलाने. आपल्याकडे आंघोळीआधी अंगाला तेल, नंतर पावडर, वरून लोशन, आणि त्याच्यावर पॅच लावला तर तो टिकणार कसा. जागा साबणाने धुवायची, पूर्ण कोरडी करायची, पॅच लावून तळव्याने 10 सेकंद दाबून धरायचा आणि कडांवरून बोट फिरवायचं. दंडावर लावू नको, लग्नघर आहे, हळदीच्या दिवशी बायका दंडाला हळद तेल चोळणारच. पोटावर लावशील तर परकराची नाडी घासते तिथे नको. मी कुल्ल्यावर लावायचे, सासूबाईंनाही दिसत नाही. छातीवर मात्र कधीच नाही. दर आठवड्याला जागा बदल.

सुटलाच तर 24 तासांच्या आत तोच परत चिकटव, चिकटत नसेल तर नवीन लाव, बदलायचा वार तोच राहतो. वरून चिकटपट्टी मारायची नाही. जास्त वेळ झाला किंवा कधी सुटला तेच माहीत नसेल तर नवीन पॅच लावून तो दिवस पहिला धरायचा आणि 7 दिवस कंडोम. आणि ऊन आहे म्हणून पॅच फ्रिजमध्ये ठेवू नको, पाकिटातच राहू दे, घरातल्या थंड खोलीत कपाटात ठेव, पत्र्याखाली नको.

यावलची_सून
पाकीट बघितलं, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन लिहिलंय, 12 आठवडे घ्यायच्या. लघवी खरंच केशरी झाली होती, मला वाटलं उन्हामुळे. एक डोस झालाय. आता गोळी बंद करू का?

सिस्टर_चोपडा
गोळी अजिबात बंद करू नकोस, घरात पेशंट आहे आणि तुम्ही सगळे एका घरात राहता. रिफापेंटिन रिफाम्पिसिनच्याच घराण्यातलं आहे, त्यामुळे बदलायचं ते गर्भनिरोधक. आजपासून पॅचच्या भरवशावर राहू नको, 12 आठवडे आणि शेवटच्या डोसनंतर अजून 4 आठवडे. या गोळ्या चालू असताना दिवस राहणं तसंही बरोबर नाही, म्हणून ही गोष्ट अजून महत्त्वाची.

मी पीएचसीला काम करते, बायकांना हे कुणी आपणहून सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं, टीबीची गोळी हातात देताना पाळणा कशाने लांबवतेस एवढं विचारायला किती वेळ लागतो. कॉपर-टीवर या औषधांचा काही परिणाम होत नाही, बसवली की लगेच काम सुरू आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. ती नको असेल तर अंतरा इंजेक्शन, तीन महिन्याला एक, त्याच्यावरही परिणाम नाही. तोपर्यंत कंडोम, प्रत्येक वेळी. चुकून काही झालंच तर इमर्जन्सी गोळी पण या औषधांमुळे कमी पडते, तेव्हा 5 दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं जास्त खात्रीचं.

एक विचारते, वय किती तुझं, बीपी तपासलंय का, डोकं दुखतं म्हणालीस तर दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकल्यासारखं, वाकड्या रेघा असं काही होतं का? तसं असेल तर नंतरसुद्धा पॅच नको. 35 च्या पुढे सिगारेट ओढणाऱ्यांनी तर वापरूच नये, आणि मिश्री लावत असशील तर तेही डॉक्टरला सांग, लाजू नको. विमानाच्या लांब प्रवासात मधूनमधून उठून चाल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, छातीत दुखलं तर घरी बाम चोळत बसू नको, लगेच दवाखाना.

यावलची_सून
31 पूर्ण, बीपी नॉर्मल, मिश्री सिगारेट काही नाही. पण डोळ्यांपुढे चमकतं कधी कधी, हे कुणी विचारलंच नव्हतं मला.

सिस्टर_चोपडा
मग पॅच आजच काढ. चिकट बाजू आत करून घडी घालून कचऱ्यात टाक, संडासात नको. उद्या दवाखान्यात जाताना टीबीच्या गोळ्यांचं पाकीट आणि पॅचचं खोकं दोन्ही सोबत ने, आणि हे चमकण्याचं जसंच्या तसं सांग.