सिग्नल पूर्ण, तरी पान का रखडते?

प्रश्न: नमस्कार. इंदूरला राजवाड्याहून पलासियाकडे येताना फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात, स्पीड टेस्टही चांगली येते, तरी बातमीचे पान अर्धवट उघडून चक्र फिरत राहते. घोडे नेमके कुठे अडते?

उत्तर १: वेगापाशी नव्हे, फेऱ्यांपाशी, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येण्यापाशी. जुन्या पद्धतीत पहिले अक्षर मागवण्याआधीच टीसीपी (माहिती पोचवण्याचे नियम) आणि टीएलएस १.२ (ती गुप्त ठेवण्याचे नियम) यांच्या जोडणीत फोन व सर्व्हर यांच्यात साधारण ३ फेऱ्या होतात. शिवाय वाटेत एखादे पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवले, की टीसीपी ती गर्दीची खूण समजून वेग उतरवते आणि त्यामागचे सारे खोळंबते. २०२२ मध्ये प्रमाणित झालेले एचटीटीपी/३ (पाने मागवण्याच्या नियमांची नवी आवृत्ती) हे टीसीपीऐवजी क्विक या नव्या वाहतूक पद्धतीवर चालते. त्यात नवी जोडणी एका फेरीत होते आणि वायफायवरून मोबाइल डेटावर गेल्यावरही ती टिकू शकते.

उत्तर २: हे मान्य, पण ते सारे संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या हाती. आपण आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद करावेत आणि लांबलचक लेख घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावेत. मी तर चहा उकळेपर्यंत दिवसभराचे वाचन उतरवून ठेवतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. व्हिडिओ बंद केले. आज पलासिया येण्याआधी अग्रलेख वाचून झाला.