श्रद्धा टिकवायची तर ती घरच्या भाषेत : वसईच्या मराठी मिस्सेविषयी

वाडीतला वाचक :

आमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या कॅथलिक समाजात) रविवारी सकाळी दोन मराठी मिस्सा, म्हणजे देवळातल्या सामुदायिक उपासना, होतात. त्यांपैकी एक यापुढे इंग्रजीत करावी, असा विचार गेल्या महिन्यातल्या बैठकीत मांडला गेला. तरुण जोडप्यांना आणि त्यांच्या मुलांना मराठी मिस्सा कळत नाही, इंग्रजी मिस्सा नसेल तर ती देवळाकडे फिरकणारच नाहीत, असे कारण देण्यात आले. मी विरोध केला, पण पाच मिनिटांत म्हणणे नीट मांडता आले नाही. ते येथे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

आजच्या काळात कॅथलिक श्रद्धेचे रक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाहेरचा विरोधक उभा राहतो. मला तो धोका फार मोठा वाटत नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरूला हा मान कशासाठी, असे म्हणत काहींनी विरोध केला होता. तरीही संमेलन झाले, आणि वसईच्या मातीतला हा माणूस मराठीत लिहितो-बोलतो म्हणूनच महाराष्ट्राने त्याला आपला मानला. आपली श्रद्धा हरवते आहे ती घरात, संध्याकाळी सात वाजता.

माझ्या लहानपणी त्या वेळी आजी ओटीवर चटई अंथरायची आणि मरीयामातेपुढे मेणबत्ती लावायची. तिच्या जपमाळेतला एक लाकडी मणी फुटला होता आणि त्याच्या जागी तिने दोऱ्याची घट्ट गाठ मारली होती. ती गाठ बोटांखाली आली की तिसरे दशक, म्हणजे दहा मण्यांचा तिसरा भाग, संपत आले, हे आम्हा पोरांना अंधारातही कळायचे. ‘नमो मरिये’ पन्नास वेळा म्हणताना डुलक्या येत, चिमटे काढले जात, पण घरातला प्रत्येक जण तेथे असे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी नंतर जे काही शिकलो, ते त्या चटईवर आधी बसलो होतो म्हणून मनात रुजले.

आज माझ्या नातवाला प्रार्थना फक्त इंग्रजीत येते आणि माझ्या ८६ वर्षांच्या आईला फक्त मराठीत. दोघांना एकत्र म्हणता येईल अशी एकही प्रार्थना घरात उरली नाही, म्हणून प्रार्थनाच उरली नाही. मिस्सेची भाषा बदलली की हीच दरी देवळातही पडेल, सकाळी सातला म्हातारे आणि नऊला तरुण अशी एकाच धर्मग्रामाची दोन गावे होतील.

मराठीत ख्रिस्ती श्रद्धा मांडण्याची परंपरा कालपरवाची नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट संघाचा धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला, आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. येथील नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती, म्हणून त्याने येशूचे चरित्र सुमारे अकरा हजार ओव्यांत लिहिले. एका परक्याने एवढे कष्ट घेतले आणि आपण मात्र स्वतःची भाषा सोयीसाठी सोडावी, याचे मला दुःख होते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली आणि किल्ल्यातली देवळे ओस पडली, तरी वाड्यांतले लोक ख्रिस्तीच राहिले. राजाश्रय गेल्यावर जी श्रद्धा टिकली, ती घराघरांतल्या प्रार्थनेने टिकली.

ठाण्याचा वसईकर :

काका, आपण लिहिलेली ओटी माझ्याही आजोळी होती, त्यामुळे वाचताना गहिवरून आले. तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही. मी ११ वर्षे कुवेतमध्ये होतो. तेथे सुट्टी शुक्रवारची असल्यामुळे रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी करत असू. एका बाजूला फिलिपिनो परिचारिका, दुसऱ्या बाजूला केरळचे वायरमन, मागे उभे असलेले आम्ही वसईचे चार जण, आणि सगळ्यांची मिस्सा इंग्रजीत. ती मिस्सा नसती तर माझी श्रद्धा त्या वाळवंटात टिकली नसती. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या प्रत्येकाने प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकले, असे बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. माझ्या मुलीची भाषा आज इंग्रजी आहे. ती का झाली याचा दोष मला द्या, पण तिला तिच्या भाषेत शुभवर्तमान ऐकू द्या.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. आपल्या आजींची घरची भाषा कादोडी, म्हणजे वसईच्या सामवेदी ख्रिस्ती लोकांची बोली, असणार. ‘प्रायश्चित्त’, ‘अनुग्रह’, ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द त्यांनी विहिरीवर किंवा केळीच्या वाडीत कधी वापरले असतील का? मिस्सेतली मराठी त्यांच्यासाठीही पुस्तकातलीच भाषा होती. घरच्या भाषेचाच आग्रह असेल, तर आपण कादोडीत मिस्सा मागायला हवी.

जुनी उपासना :

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. ज्या लोकांनी १७३९ नंतर श्रद्धा टिकवली, त्यांनी मराठी मिस्सा कधीच ऐकली नव्हती. त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि १९६० च्या दशकापर्यंत ती तशीच राहिली. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवर जो दस्तऐवज संमत केला, त्यात लोकभाषांना वाव देतानाच लॅटिनचा वापर राखावा, असेही स्पष्ट म्हटले आहे. हे दुसरे वाक्य आपण विसरलो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेसाठी दार मोकळे केले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ते पुन्हा बरेचसे लावून घेतले. मी आज्ञाधारक कॅथलिक आहे, त्यामुळे तो निर्णय पाळतो. मात्र वेदीपुढची शांतता, गुडघे टेकणे, धुपाचा वास यांनी जी आदराची भावना मनात उभी राहत असे, ती कोणत्याही भाषांतराने भरून निघालेली नाही. मराठी की इंग्रजी, हा वाद त्या हानीनंतरचा आहे.

वाडीतला वाचक :

जुन्या मिस्सेविषयी आपण लिहिले ते खरे आहे आणि माझ्या युक्तिवादातली ती फट मला दिसली नव्हती. तरी पवित्र गुरुवारच्या रात्रीची आठवण सांगतो. त्या रात्रीपासून इस्टरच्या जागरणापर्यंत देवळातली घंटा वाजत नाही. आमच्याकडे मुले लाकडी फळ्या आपटत, आणि तो कोरडा ठकठकाट ऐकून आजी म्हणायची, आज देवळालाही सुतक आहे. ‘सुतक’ हा शब्द तिला कोणत्या दस्तऐवजाने दिला नव्हता. मिस्सा लॅटिन होती तेव्हाही लोक तिचा अर्थ आपल्या भाषेत लावत होते, आणि मला काळजी आहे ती हा अर्थ लावणारी भाषा सुटण्याची. कादोडीचा मुद्दाही मी मान्य करतो. पण आजीने ती पुस्तकी मराठी ऐकून ऐकून आपलीशी केली, कारण कोणी तिला सोपा पर्याय पुढे केला नाही. मुलांना अवघड शब्द समजावून सांगणे हे आपले काम आहे, ते टाळण्यासाठी भाषाच बदलू नये.

एक शिक्षिका :

आपल्या लेखात चटई आजींनी अंथरली आणि मेणबत्तीही आजींनीच लावली. आपल्या आजोबांनी ती एकदा तरी अंथरली होती का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. मी विरारहून लोकलने चर्चगेटला जाते आणि घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात. सातची प्रार्थना बुडाली याचे एक कारण भाषा असेल, पण सात वाजता घरी असलेले पुरुष ती सुरू करत नाहीत, हे त्याहून मोठे कारण आहे. परंपरा बाईने चालवायची आणि ती मोडल्याचे दुःख पुरुषाने लिहायचे, ही वाटणी मला मान्य नाही.

श्रीरामपूरकर :

मराठी कॅथलिक म्हणजे वसई, असे गृहीत धरून ही चर्चा चालली आहे, म्हणून लिहितो. आमच्या नगर जिल्ह्यात श्रद्धा आली ती जेझुइट मिशनऱ्यांच्या पायवाटेने, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत. त्यांच्यातल्याच हेन्री डोरिंग या जर्मन धर्मगुरूंनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरीयामातेच्या, यात्रेला या, म्हणजे डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू आणि तोंडी मराठी गाणी घेऊन चालत येणारी माणसे दिसतील. त्यांच्यापुढे इंग्रजीचा पर्यायच नाही, त्यामुळे मराठी वाचवावी का, हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, आम्हाला अजून नाहीत. सरकारच्या लेखी आमची जात गेली, पण सोयरीक जुळवताना आपलेच कॅथलिक बांधव ती विचारतात. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील बिशपांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधला भेदभाव मान्य केला. परंपरा जपा, असे कोणी म्हटले की तिच्याबरोबर हेही जपले जाणार का, असे मला विचारावेसे वाटते.

वाडीतला वाचक :

शिक्षिकाताई, आजोबांनी चटई कधीच अंथरली नाही आणि मीही अंथरलेली नाही. श्रीरामपूरचे बंधू, वसईतल्या सामवेदी आणि वाडवळ या दोन ख्रिस्ती समाजांतल्या घरांत परस्परांत लग्न ठरवतानाही आमच्या पिढीने कुरकुर केली आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नापुढे बचाव मांडण्याचा मला अधिकार नाही. जात जपणारी परंपरा शुभवर्तमानाच्या विरोधात जाते आणि ती सोडलीच पाहिजे. पुढच्या बैठकीत मिस्सेच्या भाषेबद्दल मी पुन्हा विरोध नोंदवणार आहे, मात्र तेथे जाण्याआधी घरची जपमाळ मी स्वतः सुरू करणार आहे, मराठीत, आणि नातवाला प्रत्येक दशकाचा अर्थ त्याला समजेल त्या भाषेत सांगून.

ठाण्याचा वसईकर :

एक मिस्सा इंग्रजीत असावी, हे माझे मत कायम आहे, आणि बैठकीला मुलीला घेऊन येऊन मी ते मांडणार आहे. मात्र आईकडे तिला ‘नमो मरिये’ शिकवण्याचे काम दिले आहे. काल रात्री फोनवरून दोघींचे पहिले दशक झाले. ‘कृपापूर्णे’ या शब्दाशी ती तीनदा अडखळली आणि आईने तीनही वेळा तो पुन्हा म्हणवून घेतला.