मदत हवी आहे: तेल तापले की पोकलेनची एकच बाजू मंदावते, मेन पंप उघडावा का?

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे ३० टन वर्गातील एक पोकलेन आहे. (फ्रान्समधल्या एका कंपनीचे नाव आपण सगळ्याच एक्स्कॅव्हेटरना देऊन टाकले आहे. माझे यंत्र त्या कंपनीचे नाही, पण खाणीवर दुसरा शब्द कोणी वापरत नाही.) यंत्र ११,४०० तास चाललेले असून गेल्या दीड वर्षापासून नाशिकजवळ, मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूला असलेल्या एका खडीच्या खाणीवर आहे. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट नुसत्या बकेटला दाद देत नाही, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस ब्रेकर (दगड फोडणारा हायड्रॉलिक हातोडा) लावलेला असतो.

तक्रार अशी की सकाळी यंत्र अगदी व्यवस्थित चालते आणि दोन-अडीच तासांनी, हायड्रॉलिक तेल चांगले तापले की, मंदावते. मात्र सगळ्या हालचाली सारख्या मंदावत नाहीत. बकेट आणि उजवी चेन यांचा वेग ठळकपणे कमी होतो, बूम (मुख्य मोठा हात) वर घेताना थोडी रेंगाळते, आर्ममध्ये (बूमच्या पुढच्या हातात) किंचित फरक जाणवतो, तर स्विंग आणि डावी चेन सकाळी होती तशीच राहते. दोन्ही लिव्हर पूर्ण दाबून सरळ रस्त्याने यंत्र नेले तर ते उजवीकडे ओढते.

नुसत्या अंदाजावर बोलायचे नाही म्हणून मी स्टॉपवॉच घेऊन मोजणी केली. एकेका बाजूची चेन जमिनीपासून उचलून, कमी वेगाच्या स्थितीत, स्प्रॉकेटचे तीन फेरे होण्यास लागणारा वेळ पाहिला. तेल गार असताना दोन्ही बाजूंना २९ सेकंद लागले. तेल ८० अंशांच्या वर गेल्यावर डावीला ३० आणि उजवीला ४६ सेकंद लागले. इंजिनाचे फेरे दोन्ही वेळा तेवढेच होते, आणि वेग कमी झालेला असताना इंजिनावर ताण आल्याचा आवाजही येत नाही.

मेकॅनिकने गेज लावून मेन रिलीफचा (जास्तीत जास्त दाबाची मर्यादा ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) दाब पाहिला. पुस्तकाप्रमाणे तो ३५० किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) हवा. गार तेलावर ३४५ आणि गरम तेलावर, बकेटचा सिलिंडर टोकाला नेऊन धरल्यावर, ३४० मिळाला. तरीही त्याचे निदान असे आहे की दोन मुख्य पंपांपैकी पहिला पंप झिजला आहे आणि पंप पूर्ण उघडून ओव्हरहॉल करावा लागेल. अंबडच्या एका वर्कशॉपने त्याचा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास सांगितला आहे. दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे सेंटर जॉइंटचे (वरच्या फिरत्या भागातून खाली तेल नेणाऱ्या जोडाचे) सील गेल्याचे आहे. ते मला पटत नाही, कारण सेंटर जॉइंटमधून फक्त खाली चेनच्या मोटरकडे तेल जाते आणि बकेटचा त्याच्याशी संबंध येत नाही.

आतापर्यंत रिटर्न फिल्टर, पायलट फिल्टर (लिव्हरचा इशारा नेणाऱ्या कमी दाबाच्या तेलाचा) आणि सक्शनची जाळी बदलून झाली आहे. ऑइल कूलरमध्ये खाणीची धूळ बसली होती, ती साफ केल्यावर तेलाचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, पण दोष गेला नाही. तेलाची पातळी बरोबर आहे, तेल दुधाळ नाही, फेसही दिसत नाही. पायलट पंपाचा दाब गरम तेलावरही ४० किलोच्या जवळ आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे की पंप उघडण्यापूर्वी, खाणीवरच आणि फार तोडफोड न करता, दोष पंपात आहे की पंपाबाहेर हे खात्रीने ठरवता येईल का? एकदा पंप उघडला की जुने भाग पुन्हा तसेच बसवायला कोणी तयार होत नाही आणि खर्च ठरल्यासारखाच असतो.

प्रतिसाद १

ब्रेकरच्या कामात तेल लवकर खराब होते, हे सर्वप्रथम लक्षात घ्यावे. तेल शेवटचे केव्हा बदलले, ते आपण लिहिलेले नाही. काढलेला रिटर्न फिल्टर टाकून दिला नसेल तर तो कापून त्याची घडी उलगडून पाहावी. पिवळे, पितळेसारखे कण दिसले तर पंपाकडे किंवा मोटरकडे संशय जातो. काळे रबराचे तुकडे सीलचे असतात.

धागाकर्ता

आभारी आहे. तेल १,८०० तासांपूर्वी बदलले होते, म्हणजे ब्रेकरच्या मानाने उशीरच झाला आहे. फिल्टर आज कापून पाहिला. पिवळे कण जवळजवळ नाहीत, पण काळे रबराचे बारीक तुकडे बरेच आहेत.

प्रतिसाद २

आपण मोजमाप करून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दाब म्हणजे ताकद आणि तेलाचा प्रवाह म्हणजे वेग. आपल्याकडे गरम तेलावरही ३४० किलो दाब तयार होतो, म्हणजे ताकद आहे आणि वेग नाही. वेग मिळवण्याइतके तेल देत नसताना पंप इतका दाब धरून ठेवतो आणि फिल्टरमध्ये पितळही सापडत नाही, यावरून पंप झिजण्यापेक्षा त्याला जास्त तेल देण्याचा हुकूमच मिळत नसावा, असे मला वाटते. इंजिनावर ताण न येणे हेही त्याच बाजूने बोलते. झिजलेल्या पंपाची शक्यता मी संपूर्णपणे नाकारत नाही, पण ती आधी तपासण्याची गोष्ट नव्हे.

आपण दिलेल्या हालचालींवरून बकेट आणि उजवी चेन पहिल्या पंपावर, स्विंग आणि डावी चेन दुसऱ्यावर, तर बूम व आर्म दोन्हींवर चालतात हे स्पष्ट होते. अनेक यंत्रांमध्ये लिव्हर ओढल्यावर तयार होणारा पायलट दाब शटल व्हॉल्व्हमधून (दोन वाटांपैकी जास्त दाबाची वाट पुढे सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) पंपाच्या रेग्युलेटरला, म्हणजे तेल कमी-जास्त करणाऱ्या भागाला, इशारा म्हणून जातो आणि त्यानुसार पंपाची प्लेट तिरकी होऊन तेल वाढते. हा इशारा नेणारे दोन बारीक होज पंपावर दिसतील. काही यंत्रांत उलटी पद्धत असते, म्हणजे इशाऱ्याचा दाब कमी झाल्यावर तेल वाढते, म्हणून आधी सर्व्हिस मॅन्युअलमधील नकाशा पाहून आपली पद्धत कोणती याची खात्री करावी.

त्यानंतर ते दोन बारीक होज एकमेकांच्या जागी लावावेत आणि तेल पूर्ण तापवून यंत्र फक्त सरळ चालवावे, दोन्ही लिव्हर एकाच वेळी शेवटपर्यंत दाबून. ही अट महत्त्वाची आहे. एकच चेन किंवा एकटी बकेट चालवली तर इशारा भलत्याच पंपाला जाईल आणि आपण चुकीचा निष्कर्ष काढाल. यंत्र आता डावीकडे ओढू लागले तर पंप आणि रेग्युलेटर दोन्ही निर्दोष असून दोष इशाऱ्याच्या वाटेत आहे. पूर्वीसारखे उजवीकडेच ओढत राहिले तर होज पूर्ववत करून पंपाच्या दोन मुख्य डिलिव्हरी होजची अदलाबदल करावी. तेव्हा ओढण्याची बाजू बदलली तर पंप किंवा त्याचा रेग्युलेटर, न बदलली तर पंपापुढचा कंट्रोल व्हॉल्व्ह.

होज सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करून सर्व लिव्हर काही वेळा हलवून अडकलेला दाब काढावा, टाकीच्या ब्रीदरमधून हवा सोडावी. गळती हाताने चाचपू नये. इतक्या दाबाच्या तेलाची सुईसारखी धार कातडीतून आत जाते, आणि तसे झाले तर जखम किरकोळ दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. पुठ्ठा धरून गळती शोधावी.

धागाकर्ता

उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. मॅन्युअल पाहिले. आमच्या यंत्राची पद्धत आपण सांगितलेली पहिलीच आहे. बारीक होज बदलून, अडीच तास काम करून, खाणीच्या रस्त्यावर यंत्र सरळ चालवले आणि ते डावीकडे ओढू लागले. होज पूर्ववत करून टी (तीन तोंडांचा जोड) जोडून गेज लावला तेव्हा गरम तेलावर पहिल्या पंपाचा इशारा १७ किलो आणि दुसऱ्याचा २८ किलो आला. गार तेलावर दोन्ही २८ होते.

काल शटल व्हॉल्व्हचा ब्लॉक उतरवून स्वच्छ जागेत उघडला. पहिल्या पंपाच्या बाजूच्या एका शटलखाली ओ-रिंगचा चिरलेला तुकडा अडकला होता आणि त्याच्या बसण्याच्या जागेवर ओरखडे आहेत. तेल घट्ट असताना तिथून फारसे गळत नसावे, पातळ झाल्यावर इशारा निसटत होता. सर्व ओ-रिंग आणि ते शटल नवीन घातले, तेलही बदलले. आज दुपारी तेल ८३ अंशांवर असताना तीन फेऱ्यांना डावीकडे ३० आणि उजवीकडे ३१ सेकंद लागले.

तो रबराचा तुकडा नेमका कोठून आला, हे शोधायचे बाकी आहे. ब्रेकरच्या लाइनवरील जोडांपासून सुरुवात करतो आहे.