मदत हवी आहे: ओमानमध्ये मस्कत ते सलाला किनाऱ्याने, कॅम्पिंग करत

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मस्कतहून सूर, अल अशखरा, खलूफ, दुक्म, शुवैमिया, हासिक करत सलाला असं किनाऱ्या-किनाऱ्याने जायचंय, 6 दिवस, 5 रात्री तंबूत. आतला हायवे नकोय, तो आधी केलाय आणि नुसता कंटाळा आहे. गाड्या दोन, एक फोर बाय फोर आणि एक साधी सेडान, बरोबर 8 वर्षांची मुलगी. कॉम्प्रेसर, टो-रोप, फावडं, 60 लिटर पाणी घेतोय, वाळूत टायरची हवा कमी करायची हे माहितीये, वहिबाच्या वाळवंटात 2 वेळा जाऊन आलोय (एकदा रुतलो पण, असो).

डांबरी रस्त्याची काळजी नाही, अडलंय ते खलूफला. पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे साबखा, म्हणजे सपाट खारी जमीन आहे, वरून कोरडी खडखडीत आणि खाली चिखल, तिथे वाळूतली युक्ती चालत नाही. सॅटेलाइट मॅप बघून काही कळेना. सेडान गावातच ठेवून सगळे एका गाडीत जाऊ, भरतीच्या वेळाही बघून ठेवल्यात.

तर अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा, गावातून टेकड्यांपर्यंत ओहोटीला पाण्याच्या कडेने जायचं की आतल्या जुन्या चाकोरीने? आणि दुक्म सोडल्यावर हासिकपर्यंत पेट्रोल नक्की कुठे मिळतं?