केंड मासा नीट साफ करून शिजवला तर खाता येतो का?

प्रश्न (सागरवेडा): कोकणात ज्याला केंड म्हणतात, त्या फुगणाऱ्या माशाचे थवे जाळी कुरतडतात म्हणून मच्छीमार हैराण असतात, आणि सापडलेला केंड बहुधा फेकून दिला जातो. त्याच कुळातला फुगू जपानमध्ये मात्र मोठी किंमत देऊन खाल्ला जातो. मग आतडी, यकृत आणि गाभोळी काढून टाकून मासा भरपूर शिजवला, तर तो निर्धोक होणार नाही का? आणि एवढे विष अंगात असताना मासा स्वतः कसा जगतो?

प्रतिसाद (जीवशास्त्र_वाचक): शिजवण्याने हे विष जात नाही. टेट्रोडोटॉक्सिन हे नाव त्याला १९०९ मध्ये योशिझुमी ताहारा या जपानी संशोधकाने दिले, आणि ते उकळत्या रश्श्यातही टिकून राहते. मज्जातंतूंमधून संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमचे आयन ज्या सूक्ष्म मार्गांनी पेशीत शिरतात, नेमके तेच मार्ग हे विष बंद करते. माशाच्या शरीरातील या मार्गांची रचना जनुकीय बदलांमुळे थोडी वेगळी झालेली असल्याने विष तिथे घट्ट बसू शकत नाही, म्हणून मासा वाचतो. विशेष म्हणजे विष मुळात काही जिवाणू तयार करतात आणि ते खाद्यातून माशात साठत जाते. निर्विष खाद्यावर बंदिस्त जागेत वाढवलेल्या फुगूमध्ये ते जवळजवळ आढळत नाही.

प्रतिसाद (किनारा): जपानचे उदाहरण इथे लागू करणे मला धोक्याचे वाटते. तिथे कोणत्या जातीचा कोणता भाग खाण्यायोग्य आहे हे ठरवून दिलेले असून मासा कापणाऱ्याला परवाना किंवा तत्सम पात्रता लागते. तरीही १९७५ मध्ये बांदो मित्सुगोरो आठवे हे नामवंत काबुकी अभिनेते क्योतोमध्ये फुगूचे यकृत खाऊन दगावले, आणि १९८३ पासून यकृत विकण्यास देशभर मनाई झाली. शिवाय ‘विष फक्त आतड्यांत असते’ हा समज सगळ्या जातींना लागू पडत नाही. काहींच्या कातडीत विष असते, तर लॅगोसेफॅलस लुनॅरिससारख्या जातीच्या मांसातही ते असते. आणि ही जात तिच्यासारख्याच दिसणाऱ्या कमी विषारी जातींपासून ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. अशा माशाचे पोट कितीही काळजीपूर्वक साफ केले तरी उपयोग नाही.

सागरवेडा: मांसाविषयी मला कल्पना नव्हती, मनापासून आभार. चुकून कोणी खाल्लाच तर काय करावे?

जीवशास्त्र_वाचक: ओठ आणि जीभ बधिर होणे हे बहुधा पहिले लक्षण असते, ते काही मिनिटांत किंवा काही तासांनीही दिसू शकते. त्यानंतर हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात, तर रुग्ण अनेकदा शुद्धीवर असूनही बोलू किंवा हलू शकत नाही. त्यामुळे तो निपचित दिसला तरी उपचार सोडू नयेत. या विषावर उतारा उपलब्ध नाही, परंतु व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर शरीर विष हळूहळू बाहेर टाकते, आणि पहिले २४ तास पार पडल्यास रुग्ण सहसा पूर्ण बरा होतो. म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता, ओठांना मुंग्या येताच व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठावे आणि कोणता मासा खाल्ला हे डॉक्टरांना लगेच सांगावे. उरलेला मासा सोबत नेला तर निदानाला मदत होते.